आठवड्यांचा रकाना काढताना: दुखापतींच्या उपचार-आराखड्याच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आमच्या फिजिओथेरपी विभागातल्या उपचार-आराखड्यांची फाइल आजपासून नव्याने लिहायला घेतली. घोटा, टाच, मांडी, गुडघा, कंबर, खांदा अशी पानं आहेत आणि प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला आठवडे लिहिलेले आहेत. दुसऱ्या आठवड्यात अमुक व्यायाम, सहाव्यात हलकं धावणं, बाराव्यात मैदान. माझी सगळी हरकत त्या रकान्याला आहे. सहावा आठवडा लागला म्हणून पोटरीत ताकद येत नाही. ताकद भार पेलल्याने येते, आणि किती भार पेलला जातोय हे मोजल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा काम ठरलं ते असं. आठवड्यांच्या जागी निकष लिहायचे. पुढच्या टप्प्यावर जायला काय जमलं पाहिजे, ते कशाने मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय दिसलं तर एक पायरी मागे यायचं.

वरिष्ठ मॅडमनी एक अट घातली आणि ती मला पटली: काळ पूर्ण पुसून टाकायचा नाही. पहिले काही दिवस सूज आणि दाह, पुढचे काही आठवडे नवं कोलॅजन, म्हणजे जखम भरणारे धागे, तयार होणं, त्यानंतर कित्येक महिने त्या धाग्यांची भाराच्या दिशेने मांडणी होत राहणं. हा क्रम कुणाच्या घाईने आखूड होत नाही. म्हणून प्रत्येक पानावर काळ राहील, पण ‘याआधी नाही’ एवढ्यापुरताच. पुढचं सगळं निकषावर.

८ जानेवारी

निकषांच्याही आधी एक पान हवं, ते आज लिहिलं: कुणाला व्यायाम न देता ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवायचं.

कंबरदुखीबरोबर बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होत जाणं: मणक्याच्या तळाशी असलेल्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं आहेत, इथे तास महत्त्वाचे असतात, उद्याची वेळ द्यायची नाही. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर, कुठल्याच स्थितीत न थांबणारं रात्रीचं दुखणं. ऑपरेशननंतर किंवा पाय प्लास्टरमध्ये राहिल्यावर एकाच पोटरीला आलेली गरम, दुखरी सूज, म्हणजे रक्ताच्या गुठळीची शंका. लंगडणारं मूल गुडघा दाखवत असेल तरी खुबा तपासल्याशिवाय सोडायचं नाही, कारण खुब्याचा आजार मुलांमध्ये पुष्कळदा गुडघ्यात दुखतो.

आणि टाचेचा टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी. मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं, असं रुग्ण सांगतो तेव्हा तो पूर्ण तुटला असण्याची शक्यता मोठी. इथे फसगत अशी होते की पाऊल खाली दाबणारे दुसरे स्नायू शाबूत असतात, त्यामुळे रुग्णाला पाऊल स्वतः हलवता येतं आणि ‘लचक असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. रुग्णाला पालथं झोपवून पोटरी दाबायची. पाऊल हललं नाही तर त्याच दिवशी पुढे पाठवायचं. या चाचणीचं चित्र पानावर मोठं छापणार आहे.

१३ जानेवारी

घोट्याचं पान. सगळ्यात जास्त येणारी आणि सगळ्यात कमी मनावर घेतली जाणारी दुखापत.

पहिला प्रश्न एक्स-रेचा. त्यासाठी ओटावा नियम आहेत तसेच घेतले. कॅनडातल्या ओटावा इथे इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९२ मध्ये मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात, दाबल्यावर हाडच दुखतं का? करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या बुंध्याशी किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या नाविक हाडावर दुखतं का? दुखापत झाल्या झाल्या आणि आता तपासताना, दोन्ही वेळा चार पावलंही टाकता आली नाहीत का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर एक्स-रे. सगळी उत्तरं ‘नाही’ असतील तर मोठ्या माणसात फ्रॅक्चर निघण्याची शक्यता फारच कमी. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली असेल तर मात्र या नियमांवर विसंबायचं नाही, हे पानावर ठळक अक्षरात घातलं.

इंटर्नकडून एकमेकांच्या पायावर ६ सेंटिमीटर मोजून घेतले. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा तो पट्टा बराच वरपर्यंत जातो.

१६ जानेवारी

बर्फाच्या ओळीवरून आज बरीच चर्चा झाली. विश्रांती, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये मांडली. त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. मधल्या काळात ती चौकडी जगभर पाठ झाली होती.

ठरलं ते असं: दुखणं कमी व्हावं म्हणून पहिल्या एकदोन दिवसांत थोडा वेळ बर्फ चालेल, पण तो उपचार म्हणून लिहायचा नाही. पट्टी आणि पाय उंच ठेवणं राहील. ‘विश्रांती’ काढून तिथे ‘झेपेल तेवढा भार, पहिल्या दिवसापासून’ असं लिहिलं. हाड शाबूत असेल तर मुरगळलेल्या घोट्यावर आधार घेऊन चालायला लवकर सुरुवात केलेली बरी. पट्टीच्या आधाराने चाललेला पाय लवकर कामाला लागतो हे तर आम्ही रोज बघतोच.

२० जानेवारी

घोट्याचे निकष पक्के केले. धावायला लागण्याआधी चार गोष्टी.

भिंतीशी गुडघा टेकवायची चाचणी: टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब जातो ते टेपने मोजायचं. दोन्ही पायांत फरक १ ते २ सेंटिमीटरच्या आत हवा. एका पायावर टाच उचलणं, दुखऱ्या पायाने जवळजवळ चांगल्या पायाइतक्या वेळा. डोळे मिटून एका पायावर तोल. आणि उडी मारून एकाच पायावर उतरल्यावर गुडघा आत न कोसळता थांबता येणं.

तोलाच्या सरावाबद्दल मी हट्ट धरला. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, आणि त्याचं कारण फक्त ढिला झालेला लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) नाही. सांध्याची जागा मेंदूला कळवणारी जाणीवही बोथट होते. दुखणं गेलं, सूज उतरली, की रुग्ण यायचा थांबतो. नेमकं तिथेच हे काम उरलेलं असतं. म्हणून तोलाचे व्यायाम पहिल्याच भेटीत दाखवायचे आणि दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगायचं. वेगळा वेळ काढावा लागला नाही तर माणसं करतात.

२८ जानेवारी

टाचेच्या टेंडनचं पान. हे पान लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागणार हे माहीत होतं, आणि खरं तर याच पानासाठी मला हा प्रकल्प हवा होता.

येणारा रुग्ण साधारण असा. धावणारा, सकाळी पहिली पावलं टाकताना टाचेच्या वर ताठरपणा, थोडं चाललं की सैल होतं, धावताना सुरुवातीला दुखतं, मग बरं वाटतं, रात्री पुन्हा ठणका. त्याने आधी तीन आठवडे विश्रांती घेतलेली असते. दुखणं थांबलं म्हणून पुन्हा पूर्वीइतकंच धावला आणि पुन्हा दुखलं. पुन्हा विश्रांती. असं करत वर्ष निघून जातं. प्रत्येक विश्रांतीत टेंडन आणि पोटरी थोडी आणखी कमकुवत होते, आणि प्रत्येक परतीला भार मात्र पूर्वीचाच असतो. याला मी दुखण्यापेक्षा हिशेबाचा घोटाळा म्हणते: पेलायची क्षमता घटत गेली आणि मागणी तीच राहिली.

स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये जो क्रम दिला तो आजही पाया धरता येतो. पायरीच्या कडेवर उभं राहून दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या पायाने सावकाश खाली यायचं. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे तीन सेट, गुडघा वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे रोज १८०. दुखलं तरी करायचं, आणि सोपं झालं की पाठीवर वजन घ्यायचं. त्या काळी अशा रुग्णाला दुखतंय तिथेच भार द्यायचा हा विचारच नवा होता.

पण कामाला जाणारा माणूस रोज १८० वेळा हे करत नाही. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये झालेल्या अभ्यासात याची तुलना जड वजन सावकाश उचलण्याच्या क्रमाशी केली गेली, आठवड्यातून तीनच दिवस. दोन्ही गट सारखेच सुधारले, आणि जड-सावकाश गटाला लागलेला वेळ बराच कमी होता. आम्ही तोच क्रम मुख्य ठेवला. वजनाची सोय नसलेल्यांसाठी पायरीचा क्रम दुसऱ्या बाजूला छापू.

टाचेच्या हाडाला चिकटलेल्या जागीच दुखत असेल तर पायरीच्या खाली टाच नेऊ द्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. तिथे टेंडन हाडावर दाबला जातो आणि खोल ताणाने दुखणं चिघळतं. ही एक ओळ नसल्यामुळे चांगल्या व्यायामाचं नाव खराब होतं.

३० जानेवारी

दुखण्याचा नियम. सगळ्या पानांना लागू होणारं पान, म्हणून वेगळं.

रुग्ण विचारतात ते एकच: ‘मॅडम, दुखलं तर थांबायचं का?’ याचं उत्तर प्रत्येक थेरपिस्ट वेगळं देत असेल तर रुग्ण सगळ्यात घाबरट उत्तर धरून बसतो. कारिन सिल्बरनागेल यांनी २००७ मध्ये स्वीडनमधून जो अभ्यास प्रसिद्ध केला तो इथे उपयोगी पडला. टाचेच्या टेंडनच्या दोन गटांना ताकदीचा एकच व्यायामक्रम दिला. एका गटाने पहिले सहा आठवडे धावणं आणि उड्या बंद ठेवल्या, दुसऱ्याने दुखण्यावर नजर ठेवून चालू ठेवल्या. शेवटी दोन्ही गट सारखेच सुधारले. चालू ठेवणाऱ्यांचं नुकसान झालं नाही.

त्यांचाच नियम आमच्या शब्दांत: शून्य ते दहाच्या पट्टीवर दुखणं दोनपर्यंत असेल तर निर्धास्त. पाचपर्यंत चालेल. पाचच्या वर गेलं तर भार कमी. व्यायामानंतर दुखलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीच्या पातळीवर आलं पाहिजे. आणि आठवड्यामागून आठवडा दुखणं आणि ताठरपणा वाढत जाता कामा नये.

या नियमातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे निर्णय रुग्णाच्या हातात येतो. आम्ही आठवड्यातून एकदा भेटतो, बाकी सगळे दिवस तो एकटाच ठरवत असतो.

४ फेब्रुवारी

टाचेखालच्या दुखण्याचं पान लगेच उरकलं, कारण विचार तोच आहे. मायकेल राथलेफ यांच्या २०१५ च्या अभ्यासातला व्यायाम घेतला: बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून एका पायावर टाच उचलायची, एक दिवसाआड, सावकाश. तीन महिन्यांनी हा गट नुसतं ताणणाऱ्या गटापेक्षा पुढे होता. वर्षाअखेरीस फरक उरला नाही, हेही रुग्णाला सांगायचं.

१० फेब्रुवारी

मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग. वेगात धावताना पाय पुढे फेकला जातो त्या क्षणी तो लांबत असतानाच जोर लावत असतो, आणि बहुतेकदा तिथेच फाटतो. तेव्हा त्याला लांबलेल्या स्थितीत जोर लावायला शिकवणं हेच काम. कार्ल आस्कलिंग यांनी २०१३ मध्ये स्वीडनच्या फुटबॉलपटूंमध्ये हे दाखवलं: लांबलेल्या स्थितीतले व्यायाम केलेले खेळाडू सरासरी २८ दिवसांत पूर्ण सरावाला परतले, नेहमीचे व्यायाम केलेले ५१ दिवसांत.

एका इंटर्नने लगेच विचारलं, मग पानावर २८ दिवस लिहायचं का? नाही. ती सरासरी आहे. कुणी त्याच्या बरंच आधी परतलं, कुणी नंतर. आणि त्या खेळाडूंनाही अखेरच्या चाचणीत पाय सरळ ठेवून झटकन वर उचलताना धास्ती वाटली तर मैदान मिळत नव्हतं, सराव वाढवला जात होता. नेमका हाच आमचा मुद्दा.

प्रतिबंधासाठी नॉर्डिक: गुडघ्यावर बसायचं, घोटे कुणीतरी धरायचे, आणि अंग ताठ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकायचं. २०१९ मध्ये आठ हजारांहून अधिक खेळाडूंच्या अभ्यासांचा एकत्र आढावा झाला, त्यात या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. इतका फायदा देणाऱ्या, साधनांशिवाय होणाऱ्या गोष्टी आमच्या क्षेत्रात फार नाहीत. तरी संघ तो करत नाहीत, कारण पहिले काही दिवस मांड्या भरून येतात. म्हणून सुरुवातीला तो अगदी थोड्या वेळाच करायचा, असं पानावर आहे.

१९ फेब्रुवारी

गुडघा, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला, मांडीचं हाड आणि नडगी जोडणारा लिगामेंट. इथे आठवड्यांचा रकाना सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून सविस्तर.

ऑपरेशनला सहा महिने झाले की खेळाडू, घरचे, प्रशिक्षक सगळे विचारायला लागतात. गुडघ्याला सूज नसते, चालताना काही जाणवत नाही, जिना सहज चढतो. बाहेरून बघणाऱ्याला तो बराच झालेला दिसतो. डायनॅमोमीटर, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, लावला की कळतं, मांडीच्या पुढचा स्नायू दुसऱ्या पायाच्या कितीतरी मागे आहे. सांध्यात सूज असताना मज्जासंस्थाच त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. सूज गेल्यावरही हरवलेली ताकद आपोआप परत येत नाही, ती कमवावी लागते.

हेगे ग्रिंडेम यांच्या २०१६ च्या अभ्यासातले आकडे मी पानावर जसेच्या तसे घातले, कारण ते वाद मिटवतात. परतण्याची तारीख नऊ महिन्यांपर्यंत जितकी पुढे ढकलली, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालं. आणि चाचण्यांत न उतरता खेळात परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के लोकांचा गुडघा पुन्हा दुखावला, उतरलेल्यांपैकी ५.६ टक्के लोकांचा. काळ आणि क्षमता, दोन्ही लागतात. वरिष्ठ मॅडमची पहिल्या दिवसाची अट इथे आकड्यांत दिसते.

निकष: नऊ महिन्यांआधी नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के. एका पायाच्या चार उड्या, म्हणजे एकेरी, सलग तिहेरी, रेषा ओलांडत तिहेरी आणि ६ मीटर अंतर घड्याळावर, प्रत्येकीत ९० टक्के.

२१ फेब्रुवारी

९० टक्क्यांवरून आज पुन्हा बसलो. तुलना ज्या पायाशी करतो तो पायही महिनोन्महिने बसून असतो. तोही कमकुवत झालेला असेल तर दोन्ही पाय सारखे दिसतील आणि दोन्ही कच्चे असतील. म्हणून ऑपरेशनच्या आधी, शक्य असेल तर, चांगल्या पायाची ताकद मोजून कागदावर ठेवायची आणि नंतरची तुलना त्या आकड्याशी करायची, असं ठरलं. ऑपरेशन आधीच झालेलं असेल तर ताकदीची तुलना शरीराच्या वजनाशीही करायची.

उडीचं अंतरही फसवं असतं. अंतर पूर्ण येतं, पण गुडघा ताठ ठेवून खुब्याने आणि घोट्याने निभावलेलं असतं. मोबाइलवर समोरून आणि बाजूने चित्रफीत घ्यायची, सावकाश बघायची.

भीतीचा प्रश्न मॅडमनी काढला. ताकद आली, उड्या जमल्या, तरी वळताना पाय टाकायची छाती होत नाही, असे खेळाडू आहेत. त्यासाठी एसीएल-आरएसआय ही, खेळात परतायची मनाची तयारी मोजणारी प्रश्नावली ठेवली. भीती शिल्लक असेल तर तिचाही सराव लागतो: आधी ठरलेल्या दिशेने वळणं, मग हाकेवर वळणं, मग समोर प्रतिस्पर्धी. समजावून सांगून ती जात नाही.

२५ फेब्रुवारी

एसीएलच्याच पानावर आणखी एक चौकट. लिगामेंट फाटला म्हणजे ऑपरेशन ठरलेलंच, असं गृहीत धरून लोक येतात. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तर पुढे ऑपरेशन. दोन वर्षांनी आणि पुढे पाच वर्षांनीही रुग्णांनी सांगितलेल्या परिणामांत फरक दिसला नाही, आणि व्यायामाने सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना पाच वर्षांतही ऑपरेशन लागलं नाही. अर्थात गुडघा वारंवार निसटत असेल, किंवा गुडघ्यातली फाटलेली गादी अडकून गुडघा सरळच होत नसेल, तर सर्जनशी लवकर बोलायला हवं. निर्णय रुग्णाचा आणि सर्जनचा. पण दोन्ही रस्ते खरे आहेत हे त्याला आमच्याकडून कळलं पाहिजे.

५ मार्च

कंबर. इथे खेळाडूंपेक्षा खुर्चीवर बसणारे जास्त, आणि प्रत्येकाच्या हातात एमआरआयचा लिफाफा.

रिपोर्ट वाचून माणूस वाकायचं सोडतो, मूल उचलायचं सोडतो, आणि त्यातून कंबर आणखी ताठरते. म्हणून पानाच्या सुरुवातीलाच २०१५ मधल्या ब्रिंजिकजी यांच्या आढाव्याचे आकडे घेतले. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांचे ते रिपोर्ट होते. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गादीत झीज दिसली, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांच्या. गादी फुगलेली विशीतल्या ३० टक्क्यांत, पन्नाशीतल्या ६० टक्क्यांत. हे तक्त्यात छापून रुग्णासमोर ठेवायचं आणि त्याच्या वयाच्या ओळीवर बोट ठेवायचं. पायात कळ उतरणाऱ्यालाही सांगायचं की बाहेर आलेली गादी पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं.

व्यायाम कुठला? एकच सर्वांत चांगला असा कुठलाही ठरलेला नाही, आणि हे स्पष्ट लिहिलं. जो माणूस चालायला तयार आहे त्याला चालणं, ज्याला वजन उचलायला आवडतं त्याला ते, हळूहळू वाढवत. निकष त्याच्याच आयुष्यातले: तीन कामं त्याने स्वतः सांगायची, जी आज जमत नाहीत, आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. दर भेटीला तीच तीन कामं पुन्हा विचारायची. दुखणं किती हे विचारण्याआधी.

११ मार्च

यंत्रांवरून मतभेद. विभागातले एक जुने सर म्हणाले, रुग्ण यंत्राची अपेक्षा ठेवून येतो, काहीच लावलं नाही तर त्याला उपचार झाला असं वाटत नाही. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि बोलणं खोटं नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ मधल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं यंत्र), टेन्स (त्वचेवरून सौम्य वीज देणारं यंत्र), ट्रॅक्शन (कंबर खेचणं) आणि कमरेचे पट्टे सरसकट वापरू नयेत असं म्हटलं आहे. व्यायाम, समजावून सांगणं आणि मानसिक आधार यांची शिफारस आहे.

शेक राहील, बरं वाटावं म्हणून, व्यायामाच्या आधी. अल्ट्रासाउंडची ओळ कंबरेच्या पानावरून काढली. मोकळा झालेला वेळ रुग्णाला व्यायाम करताना बघण्यात घालवायचा. घरी बरोबर करतो म्हणणाऱ्यालाही एकदा समोर करायला लावलं की कळतं. सरांनी शेवटी एवढंच सांगितलं की रुग्णाच्या अंगाला हात लावणं सोडू नका. ते मान्य, आणि तसं लिहिलंही.

१७ मार्च

खांदा. दोन प्रकार आधी वेगळे करायचे. दुसऱ्याने हात धरून बाहेर फिरवला तरी फिरत नाही, तो गोठलेला खांदा. मधुमेह असणाऱ्यांमध्ये जास्त, आणि ठणक्याच्या टप्प्यात जोर लावून ताणायचा नाही. दुसऱ्याने फिरवला तर फिरतो पण स्वतः उचलताना दुखतो, तिथे ताकद वाढवायची. हाडाची कड तासण्याचं ऑपरेशन सुचवलेले रुग्ण विचारतात. ब्रिटनमधल्या, २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ते ऑपरेशन आणि नुसती दुर्बीण घालून काहीच न तासणं यांत रुग्णाला जाणवेल असा फरक आढळला नाही. एवढं पुरे. खांद्याचं पान छोटंच ठेवलं.

२४ मार्च

कच्ची पानं रुग्णांना देऊन पाहिली. व्यायाम जास्त असले की एकही होत नाही. सात व्यायामांचा कागद घडी घालून खिशात जातो, तीन असले तर भिंतीवर लागतो. प्रत्येक कागदावर तीनच ठेवायचे, पुढचे तीन निकष पार केल्यावर. व्यायामाशेजारी त्याचं कारणही एका वाक्यात. ‘टाच सावकाश खाली आणा’ यापेक्षा ‘सावकाश आणल्याने टेंडनवर भार जास्त वेळ राहतो’ हे वाचल्यावर लोक घाई करत नाहीत.

एका रुग्णाने वहीत रोज सकाळच्या ताठरपणाला गुण देऊन आणले. त्या रांगेतून भार कुठे जास्त झाला ते लगेच दिसलं. असा रकाना आता सगळ्या कागदांवर.

२ एप्रिल

वाढत्या वयातली मुलं. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ येऊन दुखतं, त्याचं वर्णन रॉबर्ट ऑसगुड आणि कार्ल श्लाटर यांनी एकाच वर्षी, १९०३ मध्ये, स्वतंत्रपणे केलं. आजार आपला आपण शमतो, पण महिने लागतात, आणि ‘खेळ बंद’ हे त्या वयात फार मोठं वाक्य आहे. इथेही भार कमी करायचा, शून्य नाही: उड्या आणि वेगाचं धावणं काही काळ कमी, पोहणं किंवा सायकल चालू, मांडीची ताकद टप्प्याटप्प्याने.

पालकांसाठी झोपेचा मुद्दा घातला. २०१४ च्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोरवयीन खेळाडूंमध्ये दुखापतीची शक्यता १.७ पट आढळली. सकाळचा सराव, शाळा, शिकवणी, संध्याकाळी पुन्हा सराव असं वेळापत्रक घेऊन आलेल्या मुलाला व्यायामाचा कागद देण्याआधी हे विचारायला हवं.

९ एप्रिल

शेवटचं पान आणि पूर्ण फाइलमधला एकमेव मोठा अपवाद: हाडाला ताणामुळे पडणारी बारीक चीर. दुखण्याचा नियम इथे लागू नाही. टेंडन दुखत दुखत सुधारतो, हाड नाही. नडगीवर एका बोटाएवढ्या जागेत दाबल्यावर दुखणं, एका पायावर उडी मारताच तिथेच कळ, विश्रांतीतही ठणका, असं असेल तर धावणं बंद, आणि चालतानाही दुखत असेल तर कुबड्या. भार वाढवायचा तो दुखणं शून्य असतानाच. खुब्याच्या मानेजवळ किंवा पावलाच्या नाविक हाडात शंका असेल तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे, कारण ही हाडं पूर्ण मोडली तर परतणं अवघड होतं.

अशा रुग्णाला खाण्याबद्दल, आणि मुलींना पाळीबद्दल, सरळ विचारायचं. शरीराला खर्चाएवढी ऊर्जा मिळत नसेल तर हाड भरत नाही, मग व्यायाम कितीही नीट आखलेला असो. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या ऊर्जेच्या तुटवड्यावर सविस्तर भूमिका मांडली आणि त्यात पुरुष खेळाडूही आले, त्यामुळे हा प्रश्न मुलांनाही विचारायचा.

दुखण्याच्या नियमाच्या पानावर हा अपवाद लाल चौकटीत छापायचा. आज फाइल छपाईला जाते. गुडघ्याच्या वाटीमागच्या दुखण्याचं पान अजून कच्चं आहे. जिना उतरण्याची चाचणी कुठल्या उंचीच्या पायरीवर घ्यायची ते ठरत नव्हतं, म्हणून पुढच्या फेरीत.